आतल्या खोलीतलं नेट

निघोज्याच्या एका कंपनीत बुद्धरत्न ओव्हाळ मेंटेनन्सला आहे. लाइनवरचं मशीन अडलं की त्यालाच बोलावतात. पाना हातात घेण्याआधी तो ऑपरेटरशी बोलतो. काय करताना थांबलं, आधी कधी असं झालं होतं का, आवाज कसा आला. निम्मा फॉल्ट ऑपरेटरच सांगतो, असं तो नव्या पोरांना शिकवतो. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला होते. त्यांनी ह्याला आयटीआयला घातलं आणि जाताना संत तुकाराम नगरातलं घर ठेवून गेले. त्या घरात आता तो, बायको मिनल आणि आई कस्तुरा राहतात.

मिनल बीएस्सी झालेली. एका ऑनलाइन क्लाससाठी ती लहान मुलांना गणित शिकवते. आतल्या खोलीत, पलंग आणि लोखंडी कपाटाच्या मध्ये तिचं टेबल. तिथे लॅपटॉप उघडला की तिचा आवाजच बदलतो, एरवीपेक्षा मोकळा होतो.

दिवाळीनंतर बुद्धरत्नने राउटर बदलला. जुन्याची तशी काही तक्रार नव्हती, पण शेजारच्या ज्योतीरामकडे नवा आला होता आणि मॅच बघताना त्याचं चित्र कधी अडकत नव्हतं. ह्याने तसाच आणला, बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर स्वतः बसवला, नाव-पासवर्ड टाकला. मोबाईलवर बघितलं तर नेट नुसतं पळत होतं.

त्याच आठवड्यात मिनल म्हणाली, "अहो, माझं नेट मध्येच सुटतंय. थोड्या वेळाने आपोआप लागतं, मग पुन्हा सुटतं. आधी असं होत नव्हतं."

टीव्हीसमोर बसल्या बसल्याच त्याने मोबाईल तिच्यासमोर धरला. "हे बघ. इथे तर मस्त चाललंय. तुझा लॅपटॉप म्हातारा झालाय."

तिने तिच्या परीने सगळं केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, वाय-फाय काढून पासवर्ड नव्याने टाकला, अपडेट घेतले. नेटवाल्यांना फोन केला, तर "आमच्याकडून सिग्नल बरोबर आहे, मॅडम" एवढंच उत्तर मिळालं. मग एका रविवारी जेवताना तिने पुन्हा विषय काढला, आणि बुद्धरत्न भडकला.

"सगळ्यांचं चालतं, मग तुझंच का चालत नाही? तूच काहीतरी भलतंसलतं दाबत असशील!"

"अगं, त्याला मशिनीतलं कळतं," कस्तुराबाई म्हणाल्या. "ऐकावं जरा."

मिनल ताट उचलून आत गेली. त्यानंतर तिने नेटचं नाव काढलं नाही. बुद्धरत्नला वाटलं, झालं असेल नीट.

पुढे त्याला सेकंड शिफ्ट लागली. सकाळी घरी असल्यामुळे, चहा घेताना पहिल्यांदाच तिचा अख्खा क्लास त्याच्या कानावर पडला.

"सलिल, ऐकू येतंय का बेटा? सॉरी हं, मॅमचं नेट गेलं होतं. कुठपर्यंत आलो होतो आपण?"

जरा वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. शेवटी कुणाच्या तरी आईचा आवाज आला, "मॅडम, रोजचंच झालंय हे. मुलांचं लक्ष उडतं."

"हो ना. माझीच चूक आहे," मिनल म्हणाली.

बुद्धरत्नचा चहा तसाच राहिला.

क्लास संपवून ती भाजी आणायला गेली, तसा तो आत जाऊन तिच्या खुर्चीवर बसला. राउटर लावल्यापासून या खुर्चीवर तो एकदाही बसला नव्हता. लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. तो चालला, थांबला, पुन्हा चालला. लॅपटॉप उचलून बाहेर टीव्हीजवळ नेला. तिथे एकदाही अडला नाही. आत आणला की पुन्हा तेच.

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. नवा राउटर दोन सिग्नल सोडत होता, आणि दोन्हींचं नाव एकच होतं. एक जोरात पळणारा, पण भिंतीपलीकडे मान टाकणारा. दुसरा सावकाश, पण आतपर्यंत पोचणारा. लॅपटॉप या दोघांमध्ये उड्या मारत होता आणि प्रत्येक उडीला क्लास तुटत होता. त्याने दोन्हींना वेगवेगळी नावं दिली आणि लॅपटॉप सावकाश चालणाऱ्या सिग्नलला जोडला. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. मध्येच सुटतं, आपोआप लागतं. मिनलने पहिल्याच दिवशी फॉल्ट जसाच्या तसा सांगितला होता. लाइनवरच्या एखाद्या ऑपरेटरने एवढं सांगितलं असतं, तर तो ताबडतोब उठला असता.

ती आल्यावर त्याने सगळं सांगितलं. "राउटरचंच होतं. तुझं काहीच चुकत नव्हतं."

"बरं झालं," पिशवीतली मेथी काढत ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पाचवीची बॅच काढून घेतली त्यांनी माझ्याकडून. मागच्या आठवड्यात."

"बोलली नाहीस मला?"

"काय बोलणार होते?"

त्याला मान वर करवेना. "तुझ्या क्लासवाल्यांशी मी बोलू का? चूक माझी होती म्हणून सांगतो."

"तिथे नको. आईंना सांगा. त्यांच्यासमोर बोलला होतात."

कस्तुराबाई बाहेर लसूण सोलत बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर खाली बसला. "आई, मिनलचं खरं होतं. राउटर मीच नीट लावला नव्हता. उगाच तिला बोललो."

"मग बोलायच्या आधी बघायचं नाही का रे?" त्या म्हणाल्या. हातातली पाकळी तशीच राहिली. "आणि मीही तुझीच री ओढली." त्या उठून आत मिनलकडे गेल्या. काय बोलणं झालं, ते ऐकायचं धाडस त्याला झालं नाही.

पाचवीची बॅच परत मिळाली नाही. नंतर तिसरीची मिळाली, तीही लहान. नेट आता जात नाही. तरी रोज क्लास सुरू करताना मिनल मुलांना सांगते, "मध्येच मी दिसेनाशी झाले तर घाबरू नका हं, येते मी परत." सेकंड शिफ्टच्या आठवड्यात बुद्धरत्नला ते रोज ऐकू येतं. आता असं सांगायची गरज नाही, हे तिला सांगावंसं त्याला फार वाटतं. पण अजून त्याला ते जमलेलं नाही.