पाठमोरा जेवणारा मनिराम

मनिराम आचाऱ्याच्या हिशेबी जगात दोनच तऱ्हेची माणसं. एक, ताटात पडलं ते खाणारी. दुसरी, आधी हुंगणारी. पहिल्यांसाठी त्यानं उभा जन्म भट्टीपुढे काढला. दुसऱ्यांकडे तो धानातल्या गवताकडे बघावं तसा बघायचा. आणि म्हातारपणी देवानं त्याच्या घरी नातू धाडला तो नेमका दुसऱ्या तऱ्हेचा.

कोहमाऱ्याच्या चौकातल्या ढाब्यावर मनिराम पोरवयात ताटं धुवायला लागला आणि म्हातारा होऊन आचारी म्हणून बाहेर पडला. रायपूरकडचे ड्रायव्हर त्याच्या डाळीसाठी दोन ढाबे सोडून पुढे यायचे. मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत पहाटे नाटकवाल्यांच्या गाड्या थांबायच्या. अर्धवट पुसलेल्या रंगाची राणी बाकावर मांडी घालून अंडाकरी मागायची, रात्रभर गर्जना करून आलेला खलनायक घसा बसल्यामुळे बोटानंच सांगायचा, ‘आणखी दोन रोट्या.’ काय ती माणसं आणि काय ती भूक! आधी ताट पुसून व्हायचं, मग शब्द फुटायचा. खाण्याआधी कुणी विचारलं नाही, मनिरामभाऊ, यात तेल किती, त्यात साखर किती.

त्या ढाब्याचा एक दंडक होता. आचाऱ्यानं गिऱ्हाइकांसमोर खायचं नाही. म्हातारा मालक म्हणायचा, आचाऱ्याचं तोंड हलताना दिसलं की गिऱ्हाइकाला वाटतं, माझ्याच वाटीतली मटणाची बोटी यानं खाल्ली. म्हणून मनिराम सगळ्यांच्या मागून, भट्टीच्या आड, भिंतीकडे तोंड करून, उभ्यानं जेवायचा. चार घास, एक तांब्या पाणी, की झालं. ढाबा सुटला, सवय सुटली नाही. घरीही आधी सगळ्यांना वाढायचं, मग चुलीकडच्या कोपऱ्यात पाठमोरं उभं राहायचं. त्याची बायको शांतीबाई त्याच्याही मागून जेवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा घास कसा चावतो हे तिनं पाहिलं नव्हतं. पाहायची हौसही नव्हती म्हणा.

तर नातू. नाव हिमांशु, हाक गुड्डू, वय अडीच. बाप वीरेंद्र नागपुरात एका गोदामावर कामाला, आई अंजू एका दवाखान्यात नर्स. पोरगं तिथं काही खाईना. उन्हाळ्याच्या शेवटी अंजू त्याला घेऊन गावी आली आणि सासऱ्यासमोर हात टेकले.

“बाबूजी, तुमच्या हातचं अख्खा हायवे खातो. यानं खाल्लं तर शाळेत घालेपर्यंत इथंच राहू द्या. पोळ्याला आम्ही येतो. तोवर वजन हललं नाही तर मात्र घेऊन जाईन. डॉक्टरला दाखवीन, पाळणाघरात ठेवीन.”

“हललं नाई त माझं नाव बदलजो,” मनिराम म्हणाला. गुड्डू तेव्हा त्याच्या मिशीला लोंबकळत होता, आणि हे पोर आता आपल्या अंगणात वाढणार या नुसत्या कल्पनेनं म्हातारा आतून ओला झाला होता. चेहऱ्यावर अर्थात त्यानं तुच्छतेखेरीज काही दिसू दिलं नाही.

जाताना अंजू शांतीबाईच्या फोनमध्ये एका बाईची चित्रफीत ठेवून गेली. ती बाई पांढऱ्याशुभ्र ओट्यापुढे उभी राहून इडलीला गाजराचं नाक लावायची, काकडीचे ससे कापायची आणि प्रत्येक वाक्याला हसायची. मनिरामनं ती एकदाच पाहिली.

“ओट्यावर एक डाग नाई,” तो म्हणाला. “इथं सैपाक होते का पूजा?”

“ते जाऊ द्या. पोट्टं खाते का ते पाहा न,” शांतीबाई म्हणाली.

पोट्टं खात नव्हतं. मनिरामनं पहिल्या दिवशी तुपाची धार सोडून मऊ वरणभात केला. गुड्डूनं तो बघितला, आजोबाला बघितलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तिखटाशिवाय अंड्याची भुर्जी. तिसऱ्यांदा रताळं उकडून, दुधात कुस्करून. मग ताकातली तांदळाची पेज. मग हार मानून, कुणी बघत नाही हे पाहून, मनिरामनं स्वतःच गाजराचं नाक कापलं. गुड्डूनं ते नाक उचललं आणि कोंबडीला दिलं.

मनिरामनं आयुष्यात पुष्कळ तुच्छतेनं पुष्कळांना पाहिलं होतं, पण अशी शुद्ध, निर्मळ, कसलंही कारण न देणारी तुच्छता त्यानं प्रथमच समोरून पाहिली. ड्रायव्हर निदान शिवी देऊन ताट सरकवतो. हे पोर नुसती पापणी खाली करायचं.

रोज दुपारी ओसरीवर तोच प्रयोग लागायचा. मधोमध पाटावर गुड्डू, पुढ्यात भरलेलं ताट, उजवीकडे शांतीबाई फोन धरून, डावीकडे मनिराम चमचा धरून, आणि प्रेक्षकांत शेजारचा चैतराम, जो स्वतःच्या घरचं जेवण आटोपून खास ह्याच वेळेला यायचा. एक नट आणि तीन प्रॉम्प्टर, आणि नट तोंडच उघडत नाही. याहून वाईट नाटक झाडीपट्टीत कुठं झालं नसेल.

“एक घास चिऊचा,” शांतीबाई म्हणायची.

“नाई.”

“काऊचा?”

“नाई.”

“ट्रकवाल्या मामाचा?” मनिराम.

“नाई.”

“अरे मनिराम, कायले आरती करून राहिला त्याची?” चैतराम म्हणाला. “नाक दाब न घाल आत. आमाले असंच वाढवलं.”

“म्हनून त असा झाला तू,” शांतीबाई म्हणाली.

चैतरामनं तरी चमचा हिसकून प्रयोग करून पाहिला. घास आत गेला, क्षणभर थांबला आणि चैतरामच्या धुतलेल्या सदऱ्यावर परत आला. त्या दिवसापासून चैतराम जरा लांब बसू लागला, पण यायचं त्यानं सोडलं नाही.

अंगणवाडीच्या ताईनं गुड्डूला काट्यावर बसवलं आणि मान हलवली. काटा होता तिथंच होता. त्या संध्याकाळी अंजूचा फोन आला तेव्हा मनिराम गोठ्यात जाऊन उभा राहिला. अर्धा हायवे जेवू घातलेला माणूस, आणि वीतभर पोरापुढे नापास! पोळा जवळ येत होता. पोरगं जाणार हे त्याला आता दिसू लागलं होतं.

मग रोवणी संपली. मनिरामचं शेत तलावाखालचं, त्याच्या पूर्वजांनी खणलेल्या तलावाचं पाणी पिणारं. रोवणीच्या शेवटच्या दिवशी धान लावणाऱ्या बायांना मालकानं बांधावर खाऊ घालायचं, ही त्यांच्याकडची रीत. मनिरामनं पहाटेपासून खपून तांदूळ आणि मुगाची डाळ वाटली, त्यात दुधी किसला, थोडा पालक चिरून टाकला आणि तव्यावर धिरड्यांसारखे टोपलीभर चिले काढले. सोबत टमाटरची गोडसर चटणी. गुड्डूला घरी ठेवायचं तर शांतीबाईच्या पायात कळ होती, म्हणून त्याला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून नेलं.

चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेल्या बाया बांधावर ओळीनं बसल्या. मनिरामनं पळसाच्या पानांवर वाढलं आणि सवयीनं मागं सरून उभा राहिला. गुड्डूला त्यानं जवळच गवतावर ठेवलं होतं. त्याच्यापुढे काही ठेवण्याची त्याला त्या दिवशी हिंमतच झाली नाही.

बायांची मुकादम निर्मलाबाई. जीभ विळ्यासारखी. तिनं चिला तोडला, पण तोंडाजवळ नेऊन थांबवला.

“भाऊ, तुमी बी बसा न.”

“तुमी खा. मी मांगून खातो.”

“मांगून कायले?”

“आचारी मांगूनच खाते.”

निर्मलाबाईनं चिला पानावर परत ठेवला आणि बाकीच्यांकडे पाहिलं. “पाहा वो बाया. आचारी सोता खात नाई. काय टाकलं असन यात?”

“मजुरी द्याची नसन,” दुसरी म्हणाली.

“एकदम साऱ्यायची सुटी,” तिसरी.

बांध हसण्यानं हलला. मनिरामचा चेहरा तांबडा झाला. इतक्या वर्षांत कुणी त्याच्या हाताला असं म्हटलं नव्हतं. रागारागानं तो त्यांच्या ओळीत धपकन बसला, पान पुढ्यात ओढलं, चिल्याचा मोठा तुकडा तोडला, चटणीत बुडवला आणि सगळ्यांना दिसेल असा तोंडात घातला. आणि मग, काय सांगावं, त्याला भूक लागली होती. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. मांडी घालून, वारा अंगावर घेत, दहा माणसांत बसून खाणं म्हणजे काय हे तो विसरूनच गेला होता. त्याचे डोळे अर्धे मिटले. मिशी हलू लागली. बोटं चाटताना आवाज झाला तरी त्याला भान राहिलं नाही.

गुड्डू समोर येऊन उभा होता. तो चिल्याकडे बघत नव्हता. तो आजोबाच्या तोंडाकडे बघत होता. कधी नव्हे ती गंमत पाहावी तसा, जबडा वर जातो कसा, खाली येतो कसा. त्यानं स्वतःचं तोंड रिकामंच हलवून पाहिलं. मग मनिरामच्या मांडीत बसला, पानावरचा तुकडा उचलला आणि चावू लागला. दुसरा उचलला. तिसरा चटणीत बुडवून, निम्मी चटणी आजोबाच्या धोतरावर सांडून.

मनिरामनं श्वास रोखला. ‘अजून घे’ असं जिभेवर आलेलं त्यानं चिल्याबरोबर गिळलं आणि नुसता खात राहिला.

“भाऊ, रडता काऊन?” निर्मलाबाईनं विचारलं.

“चटनी तिखट झाली,” मनिराम म्हणाला. चटणीत मिरची नव्हतीच.

घरी आल्यावर त्यानं शांतीबाईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पाट उचलला गेला. फोन पेटीत गेला. ओसरीवर तिघांची पानं मांडली, सगळ्यांत तेच : मऊ भात, पालक घातलेलं वरण, दही. गुड्डूला ‘खा’ म्हणायचं नाही, त्याच्याकडे पाहायचंही नाही, असं ठरलं. शांतीबाईला नवऱ्यासमोर जेवायचा इतका संकोच वाटला की पहिला घास तिनं पदराआड घेतला. गुड्डूनं तिच्या पानातला भात खाल्ला, मनिरामच्या पानातलं दही खाल्लं, स्वतःच्या पानात बोट घालून चित्रं काढली. चैतराम आला आणि तमाशा नाही असं पाहून हिरमुसून परत गेला.

पुढं सोपंच होतं. घरात शिजेल ते, थोडं मऊ, थोडं फिकं, मिरची बाहेर ठेवून. अंडं, केळं, लोणी लावलेली भाकर, शेंगदाण्याचं बारीक कूट घालून भोपळ्याची भाजी. एखादा दिवस तो काहीच खायचा नाही. त्या दिवशी कुणी रडायचं नाही. अंगणवाडीचा काटा हलला.

तान्ह्या पोळ्याला अंजू आणि वीरेंद्र आले. गुड्डू लाकडी बैल ओढत गावभर फिरून आला आणि आल्याबरोबर आजोबाच्या पानात हात घातला. अंजू दारातच थांबली. तिचे डोळे भरले.

“बाबूजी, काय घालता हो यात? मला सांगा ना.”

वीरेंद्र हसला. “गावचं पाणी लागलं त्याला. राहू दे इथंच. नागपुरात कुठं मिळणार असं?”

मनिरामनं मुलाकडे पाहिलं. तेवढं एक ‘हो’ म्हणायचं होतं. पाण्याचं नाव घ्यायचं, तलावाचं घ्यायचं, आपल्या हाताच्या चवीचं घ्यायचं, आणि शाळेत जाईपर्यंत पोरगं अंगणात. शांतीबाई चुलीकडून त्याच्याकडेच बघत होती. पण पाण्याला श्रेय देणाऱ्यांची मनिरामला फार चीड होती.

“पानीबिनी काई नाई,” तो म्हणाला. “त्याच्या संगं बसून खावं लागते. तेच, त्याच पानातलं. आनं त्याच्या तोंडाकडं पाहाचं नाई. तुमी काय करता तिकडं? ती उभ्यानं खाते, तू गोदामात खातो, आनं त्याच्यापुढं फोन उभा करता. कुत्र्याले बी एकट्याले घास जात नाई बाप्पा.”

वीरेंद्र चिडला. “आमच्या ड्युट्या वेगळ्या, बाबूजी. एकत्र बसायला टाइम कुठं?”

“नसन त ठेव इथं.”

अंजूनं पोराच्या हाताला लागलेलं दही पदरानं पुसलं. “मी सकाळची ड्युटी मागून घेते,” ती म्हणाली. “रात्री तिघं बसू. एवढंच असेल तर मी घेऊन जाते, बाबूजी. त्याच्याशिवाय घरात करमत नाही.”

ते खोटं नव्हतं. मनिरामला माणसाच्या बोलण्यातला खोटेपणा ओळखू यायचा, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याच्या चौकातून नागपूरची बस सुटली. गुड्डू खिडकीत चिला चावत होता, त्यानं हात हलवला की नाही हे काचेच्या धुळीतून दिसलं नाही.

परतीच्या वाटेवर शांतीबाई सायकलच्या मागं मागं चालत होती. बऱ्याच अंतरानंतर ती म्हणाली, “चूप नसतं राहता आलं तुमाले?”

“उभ्या जनमात कोनाले खोटी रीत नाई सांगतली मी. कोनी डाळीचं विचारलं, खरं सांगतलं.”

शांतीबाई थांबली. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो आयुष्यभर हुंगणाऱ्यांकडे पाहत आला होता.

“डाळ नोहती ते,” ती म्हणाली. “नातू होता.”

आणि त्याला मागं ठेवून ती पुढं निघून गेली.