सुनंदाचा हिरवा स्कार्फ

सुनंदा पुन्हा वाकली. साडेतीन महिन्यांच्या मुलाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान वळवून तो पंख्याकडे बघू लागला.

“मॅडम, हा मला विसरला.”

मुलांनो, ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकला सातपूरमध्ये माझा लहान मुलांचा दवाखाना होता. सुनंदाचा नवरा तिथल्याच एका कारखान्यात शिफ्टला जायचा. बाळंतपणानंतर तिला कॅन्सर निघाला. केमोथेरपी, म्हणजे त्यावरची जालीम औषधं, घ्यायला ती तीन आठवडे मुंबईत होती. केस गेले. औषधं लागू पडत नाहीत, हे तिला सांगून झालं होतं. आता मुलाने एकदा ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

मी पुस्तकातलं सांगितलं. “डोक्यावरचा पदर काढ. जवळून पूर्ण चेहरा दिसू दे.”

तिने काढला. बाळाने पुन्हा मान फिरवली.

“कसं वळखंल त्ये?” तिच्या सासूबाई माझ्यावर खेकसल्या. “बाळंतिणीचा स्कार्फ हिनं मुंबईला जाईस्तोर सोडला नाय. सदा कान बांधलेले. हिचं कपाळ त्यानं पाह्यलंय कुठं?”

त्यांचं बरोबर होतं. तान्ही मुलं नुसते नाक-डोळे ओळखत नाहीत. चेहऱ्याभोवतीची कड, केसांची किंवा कापडाची, त्यांना आधी लक्षात राहते. हे मी शिकले होते, पण वेळेवर आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तोच हिरवा स्कार्फ बांधून आली. हनुवटीखाली गाठ. बाळाने हातपाय हलवायचे थांबवले. बराच वेळ टक लावून पाहिलं. मग तो बोळकं उघडून हसला.

“वळखलं की रं, गुलामा!” सासूबाईंनी डोळे पुसले.

त्याने स्कार्फला हात घातला. सुनंदाने त्याची मूठ घाईने सोडवली. “सुटला तर परत विसरंल.”

मे महिन्याच्या उकाड्यातही तिने तो काढला नाही. महिन्याभरात ती गेली.

नवव्या महिन्यात गोवराच्या लशीला सासूबाई नातवाला घेऊन आल्या. “लग्नातला फोटो लावलाय, मॅडम. अंबाडा, मुंडावळ्या. रोज दावते, ही तुझी आई म्हणून. बघतच नाय.”

“आणि स्कार्फ?”

“तिच्यासंगच गेला. डोक्याला होता तसाच.”

असता तरी आता त्याने ओळखला नसता. इतक्या लहानपणीचं टिकत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. लस दिली.

त्यानंतर मी केसपेपरवर एक ओळ वाढवली : आई घरी डोक्याला काय बांधते? उत्तर बहुतेक वेळा सासूच द्यायची. मी लिहून घ्यायची.