वेळेत उतरणारा माणूस

ओस्सी कार्पेलाच्या स्केटना मी अकरा वर्षं धार लावते आहे, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार कोस्किवारात माझ्याइतका कुणाला नाही. त्याच्या बायकोलाही नाही, कारण तिने त्याला फक्त घरी पाहिलंय.

आमच्या गावच्या आइस हॉकी संघाचं सामान मी सांभाळते. स्केटना धार लावायची, घामेजलेल्या जर्स्या धुवायच्या, मोडलेल्या काठ्या बदलायच्या, आणि सामना चालू असताना खेळाडूंच्या बाकड्यापुढच्या कठड्याचं छोटं दार उघडायचं नि लावायचं. सगळे मला मावशी म्हणतात. माझं नाव हिल्का आहे, हे बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असेल.

ओस्सी पस्तीस वर्षांचा, चौथ्या फळीतला. बर्फावर एका वेळी पाच जण आणि गोलरक्षक. जीव खाऊन पळालं की पाऊण मिनिटात माणसाचा दम निघतो, म्हणून फळ्या सारख्या बदलत राहतात. पहिल्या फळीत गोल करणारे असतात. चौथीत असतात ते गोल होऊ न देणारे, आणि त्यांच्या पाळीला लोक कॉफी आणायला उठतात. मला त्या लोकांचा फार राग येतो. ज्याच्यासाठी बसून राहायला हवं, नेमक्या त्याच वेळी यांना तहान लागते!

आमच्या खेळात चेंडू नसतो, रबरी चकती असते. समोरून ती सुटली की शहाणा माणूस बाजूला होतो. ओस्सी आडवा पडतो. फट दिसली की हा तिच्यात जाऊन बसलाच, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं पाचर. त्याचे नडगीचे पॅड मी एका हंगामात चार वेळा बदलले आहेत. पेपरात त्याचा फोटो एकदाच आला. त्यातही तो आक्सेलीच्या मागे अर्धाच होता, आणि खाली नाव फक्त आक्सेलीचं.

आक्सेली नूर्मेला म्हणजे आमचा बावीस वर्षांचा मोर. गोल केला की एक गुण, गोल करणाऱ्याला चकती दिली तरी एक गुण, आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याने सोनेरी हेल्मेट घालायचं अशी आमच्याकडची रीत. दोन वर्षं ते आक्सेलीच्याच डोक्यावर होतं. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण हेल्मेट काढल्यावरसुद्धा ते घातल्यासारखा चालायचा.

गेल्या वसंतात ओस्सीचा करार संपत आला, तेव्हा व्यवस्थापक पेंत्ती सालोकांगास त्याला सॉनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत, घेऊन बसला. आमच्याकडे अशी बोलणी कपड्यांत होत नाहीत. मी तिथे नव्हते, पण भिंतींना कान असतात, आणि सॉनाच्या भिंती तर नुसत्या लाकडाच्या.

"दोन वर्षं दे, पेंत्ती," ओस्सी म्हणाला. "इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा आहे. संध्याकाळी शिकतो, सकाळी सराव करतो. मग मी स्वतःहून जातो."

"एक देतो. पोरांना जागा नको का?"

"एका वर्षात अर्धाच इलेक्ट्रिशियन होईन. अर्ध्या इलेक्ट्रिशियनला तू तरी घरात घेशील का?"

पेंत्ती हसला. दगडांवर पाणी ओतून म्हणाला, "बरं, लिहून देतो. दहा गुण कर, दुसरं वर्ष आपोआप तुझं. गेल्या हंगामात किती होते?"

"चार."

यावर पेंत्तीला इतकं हसू आलं की तो खालच्या बाकावर जाऊन बसला. ओस्सीने मात्र सही केली.

दहा झाले नाहीत, तर सहाशे किलोमीटरवरचा एक संघ त्याला घ्यायला तयार होता. म्हणजे कोर्स सुटणार, बायको सातूला इथल्या आरोग्य केंद्रातली नोकरी सोडावी लागणार, दोन्ही मुलींची शाळा बदलणार. सातू मला एकदा म्हणाली होती, "मावशी, त्याला मोठं काही नको गं. त्याला फक्त हातातलं पुरं करायचंय." मी उगाच एका कोरड्या जर्सीला इस्त्री करत बसले.

नववा गुण जानेवारीत आला आणि मग कुलूपच लागलं. शनिवारी शेवटचा सामना घरच्या बर्फावर होता. जिंकलो तर या वर्गात राहणार, हरलो तर खालच्या वर्गात. ओस्सीचे नऊ होते हे सगळ्या गावाला माहीत होतं.

शेवटचं दीड मिनिट उरलं तेव्हा आम्ही तीन-दोनने पुढे होतो. समोरच्यांनी गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवला, म्हणजे त्यांचं जाळं उघडं पडलं. ओस्सीची फळी तेव्हा बर्फावर अडकलेली होती, बदलायला उसंतच मिळेना. चाळीस सेकंद झाले, पन्नास झाले. लास्से नावाच्या बचावपटूचा गुडघा तर डोळ्यांदेखत वाकडा पडत होता. तेवढ्यात फटका आला, ओस्सी आडवा पडला, चकती त्याच्या पावलावर आदळली. तो आवाज मला बाकड्यावर ऐकू आला. तो उठला, आणि चकती त्याच्याच काठीपाशी.

समोर सगळं मोकळं आणि लांबवर उघडं जाळं. चौदाशे माणसं उभी राहून ओरडली, "मार! मार!" बाकड्यावरून आक्सेली ओरडला. मीही ओरडले, खोटं कशाला बोलू?

पण एक नियम आहे. स्वतःच्या अर्ध्या मैदानातून मारलेली चकती जाळं चुकून पार टोकाला गेली, तर खेळ थांबतो, तुमच्याच गोलसमोर पुन्हा सुरू होतो, आणि दमलेल्या पाचांना बदलता येत नाही. डिसेंबरात आक्सेलीने असाच मोह केला होता. जाळं हातभर चुकलं आणि वीस सेकंदांत आम्ही गोल खाल्ला.

ओस्सीने मारली नाही. चकती कठड्याला हलकेच अशी आपटली की ती मधली लाल रेघ ओलांडून सरपटत गेली आणि पलीकडच्या कोपऱ्याअलीकडेच थांबली. एवढं करून तो लंगडत माझ्या दाराशी आला. मी दार उघडलं, तो आत कोसळला, आणि त्याच दारातून आक्सेली बाहेर सुटला. समोरच्याने काठी लांब केली, पण चकती त्याला सापडली नाही. आक्सेलीला सापडली. चार-दोन.

सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मला मात्र टाळी वाजवायच्या आतच कळलं, की हा ओस्सीचा दहावा. इतक्यात कर्ण्यातून आवाज आला: "गोल, आक्सेली नूर्मेला. पास, कुणाचाही नाही."

ओस्सीने मान वर केली नाही. सामना संपल्यावर तो एका पायावर उड्या मारत आत गेला. उभ्या जन्मात या माणसाने गुण मागितलेला नाही, आणि आज तरी कसा मागेल!

गुणपत्रक लिहायचे उंतो हाइकुरा. निवृत्त गणित मास्तर, ओस्सीलाही यांनीच बेरीज शिकवलेली. तीस वर्षांची त्यांची पद्धत ठरलेली होती: गोल झाला की आधी बर्फावरच्या पाचांचे क्रमांक टिपायचे, मग त्या पाचांत पास देणारा शोधायचा. पद्धतीत खोट नव्हती. पण जो वेळेत उतरला, तो त्या पाचांत सापडणार कसा?

मी मास्तरांच्या टेबलाशी पोचले तेव्हा सोनेरी हेल्मेट काखेत मारून आक्सेली तिथे उभाच होता. पंचाने सहीसाठी पेन काढलं होतं. सही झाली की विषय संपला.

"मास्तर, चकती पाचरने दिली," आक्सेली म्हणाला.

"तो बर्फावर नव्हता."

"होता! टाकून मग उतरला!"

"नूर्मेला, आवाज खाली. माझ्याकडे पाच क्रमांक आहेत, त्यात त्याचा नाही."

"दार मी उघडलं, मास्तर," मी म्हटलं. "त्याला आत मी घेतलं, याला बाहेर मी सोडलं. मधे कुणाची काठी लागली नाही. तुमचं गणित बरोबर आहे, पण तुम्ही उरलेली माणसं मोजलीत, गेलेला मोजलाच नाहीत."

पेंत्ती तिथेच होता. तो गुणपत्रकावर वाकून पाहू लागला.

आक्सेली खाली बघत बोलायला लागला. "मास्तर, फेब्रुवारीत पाचर जखमी होता, तेव्हा मला सहा सामन्यांत एक गुण नाही मिळाला. मी स्केट बदलले, काठी बदलली. आज कळलं. दोन वर्षं मी त्याच्यानंतर उतरतो, आणि दर वेळी चकती पलीकडच्या टोकाला असते. आपल्याच नशिबाने असते, असं मला वाटायचं. मला वाटायचं मीच हुशार आहे."

मास्तरांनी चष्मा पुसला. "चित्रफीत दाखवा," म्हणाले. एकदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहिली. तिसऱ्यांदा थांबवून काठी आणि चकती यांच्यातलं अंतर बोटाने दाखवलं, जणू आम्हीच नापास होणार होतो. मग आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: पास, कार्पेला. पंचाने सही केली.

"दहा म्हणजे दहा," पेंत्ती म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचा चेहराही उजळला होता.

ओस्सी आत बाकावर बसला होता. पाऊल बर्फाच्या बादलीत, शेजारी लास्से, आणि हा स्वतःचं सोडून लास्सेच्या गुडघ्याला पट्टी बांधत होता.

"दहा झाले," मी म्हटलं.

"कसले?"

"गुण, मेल्या! शेवटचा गोल तुझ्या चकतीवर झाला. मास्तरांनी लिहिलं, पंचाने सही केली."

"तू त्यांना धमकावलं नाहीस ना?" ओस्सी म्हणाला.

"तीनदा चित्रफीत पाहून लिहिलंय त्यांनी. चौथ्यांदा बघतो म्हणाले असते, तर धमकावलं असतं."

त्याने पट्टीची गाठ पुरी केली, हात पुसले आणि सातूला फोन लावला. "सातू, दहा," एवढंच म्हणाला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला तिथपर्यंत ऐकू आलं: "ओस्सी, माझी समजूत काढायला खोटं बोलू नकोस. नऊ तर नऊ. मी सामान बांधेन, पण खोटं बोलू नकोस."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. "मावशी, तूच सांग. माझ्यावर नाही बसत तिचा विश्वास."

मी फोन कानाला लावला. जिभेला हाड नाही अशी माझी गावभर ख्याती, आणि मला शब्द फुटेना. "हिल्का मावशी?" सातू पलीकडून म्हणत होती. "मावशी, रडतेस का? खरंच झाले का गं?"