हिरामणनं लावलेला होका

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात हिरामणशी कुणी आपण होऊन बोलायला जात नसे. काम असलं तर माणूस आधी त्याच्या दाराबाहेर उभा राहायचा, आतून नीराबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज येतो का बघायचा आणि मगच खोकायचा. हिरामणचा हात सोन्याचा होता, पण तोंड विंचवाचं.

लढाईच्या वर्षांत तो विमानदलात भरती झाला होता. विमानातले रेडिओ आणि काट्यांची घड्याळं दुरुस्त करायला तो तिथं शिकला. सत्तेचाळीस साली फाळणी झाली तसं त्याच्या कारखान्यातलं सामानही वाटलं गेलं. आपल्या टेबलावरची कोणती पेटी कुठल्या देशात जाणार यावरून तो वरच्या साहेबाशी असा भांडला की नोकरी सोडूनच घरी आला. घरी थोरला भाऊ अंबाजी होता. बापाच्या माघारी होडी तोच चालवत होता. दर्याला घाबरणारा भाऊ परत आला याचा त्याला आनंद झाला नाही, आणि त्यानं तो दाखवलाही नाही. हिरामण अलिबागला बाजारात लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला आणि संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांवर डाफरू लागला.

एकावन्न साली चौलचे दिनानाथशेट त्याच्याकडे आले. शेटची नारळी-सुपारीची वाडी होती, आणि डोक्यात विमान होतं. जुहूला जाऊन ते उडवायला शिकले होते. आता त्यांनी भंगारातलं एक इंजिन आणलं होतं, सागवानाचा सांगाडा करून त्यावर कापड ताणायला घेतलं होतं, मुंबईचे परवानेही मिळवले होते. आत काय काय बसवायचं तेवढं त्यांना ठरवता येत नव्हतं.

"दिशा दाखवणारा होका, उंचीचं घड्याळ, वेगाचं घड्याळ आणि तेलाचा काटा. एवढं पुरे," शेट म्हणाले.

हिरामणनं रेडिओ हवाच असं सांगितलं. मुंबईच्या खाडीचं तोंड ओलांडून जायचं तर पलीकडची हवा कशी आहे ते ऐकू आलं पाहिजे. शेटचं म्हणणं होतं, वजन वाढेल, आणि जितकी यंत्रं जास्त तितकी बिघडायला जागा जास्त. त्यावर हिरामणनं हत्यारांची पेटी मिटली. रेडिओ नसेल तर दुसरा माणूस बघा, म्हणाला. दुसरा माणूस सगळ्या कुलाबा जिल्ह्यात नव्हता. शेटनी हट्ट सोडला. चोरबाजारातून लष्कराचा एक जुना, नुसता ऐकायचा रेडिओ आला. त्याच्यासोबत एक जड फिरकी होती. बॅटरीच्या विजेवर ती फिरायची आणि रेडिओला लागणारा विजेचा मोठा दाब तयार करायची. ती वीज खायची खूप.

विमान जोडायला वाळूजवळ ऐसपैस छप्पर हवं होतं. ते या भावांचंच होतं. तिथं जाळी असायची, आणि पावसाळ्यात होडी. हिरामणनं आपला अर्धा वाटा आहे म्हणून अंबाजीला न विचारता जाळी बाहेर काढली. त्या वर्षी होडी नारळाच्या झापांखाली उघड्यावर राहिली, आणि तिच्या फळ्या उकलल्या. अंबाजीनं भांडण केलं नाही. त्यानं भावाशी बोलणं बंद केलं. त्याची बायको सखुबाई मात्र बोलायची, आणि सगळा कोळीवाडा ऐकेल असं बोलायची. विमानाच्या आवाजानं मासळी खोल गेली असं लोक म्हणू लागले, त्याची सुरुवात तिनंच केली होती.

इंजिन चालू करून रेडिओ लावला तेव्हा त्यातून नुसती खरखर आली. तापल्या तव्यावर मीठ टाकावं तशी. इंजिन बंद केलं की आवाज स्वच्छ. हिरामणनं तारा तपासल्या, तेव्हा एक जोड सैल निघाला. तो तडक अंबाजीच्या दारात गेला आणि माझ्या तारांना हात कुणी लावला, असं त्यानं विचारलं. कित्येक महिन्यांनंतर अंबाजी पहिल्यांदा बोलला.

"तुझ्या विमानाला हात लावायचा झाला तर मी कुऱ्हाड घेऊन येईन. पाना घेऊन येनार न्हाय."

जोड घट्ट करूनही खरखर गेली नाही. ती इंजिनातल्या ठिणग्यांची होती. ठिणगी नेणाऱ्या प्रत्येक तारेवर हिरामणनं तांब्याची जाळी चढवली, जाळीची टोकं इंजिनाच्या धातूला बांधली, आणि खरखर थांबली. पण अंबाजीवर घेतलेला आळ त्यानं मागे घेतला नाही. सैल जोड आपोआप होत नाही, असं तो नीराबाईला सांगत राहिला. इंजिन हादरतं त्यानं सैल होत असेल, असं ती एकदा म्हणाली. त्यावर तो दोन दिवस तिच्या हातचं जेवला नाही.

मग होका तपासायचा होता. विमानातलं लोखंड सुईला ओढतं, म्हणून ती किती चुकते ते जमिनीवरच पाहून घ्यावं लागतं. हिरामणनं ओहोटीच्या ओल्या वाळूत लांब रेघा आखल्या. शेट आणि तो शेपटी उचलून विमान एकेका रेघेवर आणत होते. सुई नीट निघाली. शेट म्हणाले, वर जाताना रेडिओ चालू असणार, तर तोही लावून एकदा बघू या का.

"बॅटरी कशाला खर्चायची? होका होका हाय, रेडिओ रेडिओ हाय," हिरामण म्हणाला. "मला शिकवू नका, शेट."

बावन्नच्या जानेवारीत एका सकाळी शेट वाळूवरून उडाले. जुहूला जायचं होतं. वाड्यातून कुणी बघायला आलं नाही. थळपर्यंत किनारा उजव्या हाताला दिसत होता. पुढे मुंबईचं पाणी लागलं आणि खाली धुरकट पांढरं पसरलं. शेटनी रेडिओ लावला आणि होक्यावर नजर ठेवून उत्तर धरली. बराच वेळ गेला तरी जमीन येईना. पांढरं फाटलं तेव्हा चहूकडे पाणी होतं. शेट घाबरले, पण गांगरले नाहीत. सकाळचा सूर्य पूर्वेला, एवढं तरी खोटं नव्हतं. त्यांनी नाक सूर्याकडे वळवलं. किनारा दिसला तेव्हा पेट्रोल संपलं, आणि विमान खांदेरीजवळ पाण्यात उतरलं. थळच्या कोळ्यांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांचा खांदा मोडला होता.

बातमी रेवदंड्याला आली तसा हिरामण आधी शेटकडे न जाता पोलीस चौकीत गेला. भावानं होका बिघडवला, अशी तक्रार त्यानं केली. उड्डाणाच्या दोन दिवस आधी अंबाजी एक उरलेलं जाळं न्यायला छपरात गेला होता, हे पाहणारेही त्यानं उभे केले. अंबाजीला धरून नेलं. तिथं त्याला मारलं असं वाड्यात म्हणत होते, आणि ते खरं होतं. होडी ऐन हंगामात किनाऱ्यावर पडून राहिली. सखुबाईनं मासळी धुतलेलं पाणी हिरामणच्या उंबऱ्यावर ओतलं. नीराबाईनं ते पुसलं नाही. पुसायचं असेल तर तूच पूस, असं ती नवऱ्याला म्हणाली.

थळला ओढून ठेवलेले विमानाचे तुकडे बैलगाडीतून हिरामणच्या घरी आले. हिरामणला पुरावा हवा होता. होका न फुटता राहिला होता. त्याच्या झाकणावर पान्याची खूण नव्हती, सुईभोवतीचं स्पिरिट सांडलं नव्हतं, सुई उत्तरेला होती. मग ती वर चुकली कशी? घड्याळांच्या फळीमागे त्यानं स्वतः ठोकलेली तार तशीच होती. रेडिओच्या फिरकीला वीज नेणारी जाड तार. सोयीची वाट म्हणून ती होक्याच्या पाठीमागून नेलेली. परत येणारी तार मात्र दुसऱ्याच बाजूनं होती.

रेडिओ तर खाऱ्या पाण्यानं गेला होता. हिरामणनं त्याच्या जागी तितकीच वीज खाणारे, ट्रकच्या पुढच्या दिव्याचे दोन बल्ब जोडले आणि दुसरी बॅटरी लावली. बल्ब पेटले आणि होक्याची सुई पश्चिमेकडं सरकून थांबली. बल्ब काढले, ती परत आली. त्यानं पुन्हा लावले. नीराबाई चुलीपाशी बसून बघत होती.

"परत लावून बघतोस कशाला?" ती म्हणाली. "एकदा दिसलं ना?"

वीज वाहणारी तार लोहचुंबकासारखी सुईला ढकलते, हे त्याला विमानदलात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ घालून नेली की ढकलणं मिटतं, हेही शिकवलं होतं. त्यानं बॅटरीच्या तारा सोडवल्या. मग सदरा घालून चौकीत गेला. तक्रार मागे घेतो, तार मीच चुकीची लावली होती, एवढंच सांगून तो बाहेर उभा राहिला. अंबाजी सुटून आला. त्याचा एक डोळा सुजला होता.

"तू बोललास ते फौजदारानं ऐकलं," अंबाजी म्हणाला. "वाड्यानं न्हाय ऐकलं."

वाड्याची बैठक देवळासमोर भरली. हिरामण आला. हात जोडायचे असतात हे त्याला ठाऊक होतं, पण समोर ती सगळी तोंडं बघून त्याचं पित्त खवळलं.

"विजेतलं ज्यांना कळत न्हाय त्यांनी मान हलवू नये," तो म्हणाला. "तार मी चुकीची लावली. अंबाजीनं काय केलेलं न्हाय."

पाटील म्हणाले, भावाची माफी माग. हिरामण म्हणाला, जे घडलं ते सांगितलं, अजून काय पाहिजे? अंबाजी उठला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि समुद्राकडे निघून गेला. बैठकीनं छप्पर अंबाजीला दिलं आणि हिरामणच्या घरी लग्नकार्याला कुणी जाऊ नये असं ठरवलं. नीराबाई दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर सगळ्यांच्या नंतर जाऊ लागली.

दिनानाथशेट हात गळ्यात बांधून आले. मी मेलो असतो, असं ते म्हणाले. मेला न्हायत, हिरामण म्हणाला. शेटनी त्याला शिवी दिली, तीही आयुष्यातली पहिलीच असावी. तरी दुसरं विमान त्यांनी त्याच्याकडूनच करून घेतलं, कारण आता ही चूक तरी तो पुन्हा करणार नाही, असं ते लोकांना सांगत. काम चौलला शेटच्या वाडीत झालं. दोघांत कामापुरतंच बोलणं होई. या वेळी फिरकी शेपटीत गेली, तारांना पीळ पडला, आणि वाळूतल्या रेघांवर विमान फिरवताना सगळं चालू होतं. रेडिओ, दिवे, इंजिन. मग हिरामणनं एकेक बंद करत सुई पुन्हा पाहिली. शेट मागे उभे राहून प्रत्येक वेळी विचारायचे, हे बघितलंस? आणि तो दात आवळून हो म्हणायचा. चोपन्नच्या हिवाळ्यात शेट जुहूला जाऊन संध्याकाळच्या आत परत आले. हिरामणला त्यांनी शाबास म्हटलं नाही. त्यानंही वाट पाहिली नाही.

पुढं तो बिऱ्हाड घेऊन अलिबागला गेला. दुकान चांगलं चाललं. गिऱ्हाईकं शिव्या खाऊनही येत, कारण दुरुस्त झालेला रेडिओ परत बिघडत नसे. काम संपलं की तो सगळं एकदम चालू करून बराच वेळ तसंच ठेवी, आणि गिऱ्हाईक घाई करू लागलं तर त्याच्यावर खेकसे.

चौसष्ट साली अंबाजी कावीळ होऊन गेला. हिरामण पहिल्या एस.टी.नं रेवदंड्याला आला. तिरडी उचलायच्या वेळी तो खांदा द्यायला पुढे झाला. सखुबाईनं दारातून हात आडवा केला. ती रडत नव्हती.

"त्यांना चौकीत मारलं तवा सावरायला हात लावला न्हायस," ती म्हणाली. "आता लावू नको."

हिरामण बाजूला झाला. माणसं पुढे गेल्यावर तो मागून चालू लागला, बरंच अंतर ठेवून. त्याला कुणी परत जा म्हटलं नाही, की पुढे ये असंही म्हटलं नाही. चिता पेटल्यावर माणसं पांगली, तरी तो वाळूत उभाच होता. शेवटी नीराबाई आली आणि गाडीची वेळ झाली म्हणाली. तिच्यावर न खेकसता तो निघाला.