होणाऱ्या व्याह्यांकडे मिरच्यांचे देठ

घरात मी जाहीर केलं की आपण सिकोयाची झाडं बघायला चाललोय. अंजलीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चिवड्याचा डबा भरता भरता विचारलं, "झाडांना चिवडा घालणार आहेस का?"

खरं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमची मुलगी सई फ्रेझ्नोला फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिला आन्द्रेसशी लग्न करायचंय. आन्द्रेस मेक्सिकन घरातला, हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि सनीव्हेलला आमच्या घरी आला की न सांगता भांडी घासतो. त्याच्यात खोट काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला होता. वर्षभर मी "विचार करतो" एवढंच म्हणत होतो. नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं आणि हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं. शेवटी सईचा फोन आला.

"बाबा, तुम्ही दोघं असल्याशिवाय मी लग्न करणार नाहीये. पण फॉरएव्हर वेटही नाही करू शकत. त्याच्या पेरेंट्सना एकदा भेट. आणि प्लीज, इंटरव्ह्यू घेऊ नकोस."

मी इंटरव्ह्यू अजिबात घेणार नव्हतो. काही प्रश्न फक्त तयार ठेवले होते.

आन्द्रेसचे आईवडील व्हायसेलियाला राहतात. सिकोया नॅशनल पार्कला जाणारे बरेच लोक याच गावात मुक्काम करतात, त्यामुळे झाडांची थाप अगदीच खोटी नव्हती. सनीव्हेलहून साधारण चार तास धरा. १०१ हायवेनं गिलरॉयपर्यंत यायचं, तिथं काचा बंद असल्या तरी लसणाचा वास गाडीत शिरतो. मग १५२ पकडून घाट चढायचा. शुक्रवारी संध्याकाळी हा रस्ता तुंबतो, म्हणून शनिवारी सकाळी लवकर निघा. घाट उतरताना मोठं धरण लागतं आणि तिथला वारा गाडी हलवतो. त्यापुढं ९९ हायवे. ट्रक भरपूर, पण मधल्या पट्ट्यात मैलोन् मैल कण्हेर फुललेली असते. सप्टेंबरात गेलात तर द्राक्षाच्या वेलींमधून बेदाण्यासाठी द्राक्षं कागदावर वाळत घातलेली दिसतात. अंजली म्हणाली, आई पापड वाळत घालायची तसं दिसतंय. मी म्हटलं, लक्ष विचलित करू नकोस, मी मुद्द्यांची उजळणी करतोय.

मडेराजवळ टाकोच्या ट्रकवर थांबलो. एक टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेली मक्याची छोटी पोळी, तीन-साडेतीन डॉलरचा, आणि दोन खाल्ले की जेवण होतं. अंजलीचा शनिवार, मांसाहार बंद, म्हणून तिनं फक्त बीन्स आणि चीज घातलेला मागितला. मी खिडकीतल्या मुलीला बजावून सांगितलं की मला सगळ्यात तिखट सॉस दे, मी इंडियन आहे. ती म्हणाली, ओके. तिच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

इथं एक सांगायला हवं. मी मूळचा नागपूरचा. तिखटाच्या बाबतीत नागपूरचा माणूस कुणाला मोजत नाही, आणि हे तो न विचारताच सांगतो. तीस वर्षं कॅलिफोर्नियात राहून माझी ॲसिडिटीची गोळी रोजची झाली आहे, पण अभिमानाला पथ्य नसतं. व्याह्यांसाठी मी ठेच्याची बाटली घेतली होती. अंजलीच्या मते ती भेट होती. माझ्या मनात ते शक्तिप्रदर्शन होतं.

व्हायसेलियात मोटेल सव्वाशे डॉलरच्या आसपास मिळालं. काउंटरवरच्या गुजराती काकूंनी "झाडं बघायला का?" असं हिंदीत विचारलं. मी हो म्हटलं. अंजली म्हणाली, "नाही, मुलीचं जमवायला." काकूंनी लगेच आम्हाला मागच्या बाजूची शांत खोली दिली.

आन्द्रेसचं घर बैठं, मागं संत्र्याचं झाड, कुंड्यांमध्ये मिरच्यांची रोपं. सई आणि तो आमच्या आधीच येऊन थांबले होते. त्याचे वडील रामोन शेतातल्या पंपांचा धंदा करतात आणि कमी बोलतात. आई लुपे शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. तिनं दारात माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मला वाटलं, माझा शर्ट बाहेर आलाय की काय. मी प्रश्न काढण्याआधीच तिनं मला विचारून घेतलं: प्रवास कसा झाला, रक्तदाब आहे का, रात्री झोप लागते का. अंजलीला तिनं थेट स्वयंपाकघरात नेलं आणि दोन पातेली दाखवली. एकात नेहमीचे बीन्स, डुकराच्या चरबीतले. दुसऱ्यात फक्त तेलातले, वेगळ्या डावासकट. सईनं शनिवारचं सांगितलं होतं, म्हणून तिनं नवा डाव आणला होता. अंजली त्यानंतर दिवसभर लुपेच्या बाजूनं होती. माझ्या पक्षात मी एकटा उरलो.

तेव्हा मी मदतीला उभा राहिलो. सिंकजवळ धुतलेल्या हिरव्या मिरच्यांचा ढीग होता. लवंगी मिरचीपेक्षा जाड, बोटाएवढ्या. यांना सेरानो म्हणतात. लुपे म्हणाली, यांचे चिलेस तोरेआदोस करायचेत, तुम्ही पुसून ठेवाल का? मी म्हटलं, मिरच्यांचं मला सांगू नका. मग लुपे आणि अंजली बाहेर टेबल मांडायला गेल्या.

आता आपल्या घरात मिरच्या आणल्या की काय करतात? धुतात, पुसतात, देठ काढतात आणि कागद घातलेल्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवतात. देठ ठेवला की मिरची सडते, हे मला आईनं शिकवलं आणि मी अंजलीला शिकवायचा प्रयत्न करत असतो. मी एकेक मिरची पुसली आणि कटाकट देठ मोडत गेलो. एकही सोडली नाही. देठांचा वेगळा नीटनेटका ढीग केला, बघणाऱ्याला काम दिसावं म्हणून.

लुपे आत आली आणि त्या ढिगाकडे बघत राहिली. आन्द्रेस मागून आला, त्यानंही बघितलं आणि हळूच म्हणाला, "इट्स फाइन, काका." काही तरी फार चुकलं की तो मला काका म्हणतो.

मग कळलं ते असं. ही मिरची आधी ओट्यावर तळहाताखाली दाबून लाटायची, आतल्या बिया सुटून ती मऊ पडेपर्यंत. रिंगणात बैलाला डिवचतात तसं मिरचीला डिवचायचं, तोरेआदो म्हणजे तेच. डिवचलं की शिरांमधला तिखटपणा सगळ्या मिरचीत पसरतो. मग तापलेल्या तेलात कांद्याबरोबर परतायची, सालीवर पांढरे-काळे फोड येईपर्यंत. हे सगळं होताना मिरचीचं तोंड बंद हवं, आणि ते देठानं बंद असतं. खाताना धरायलाही देठच लागतो. मी अख्ख्या ढिगाची तोंडं उघडून ठेवली होती.

लुपे म्हणाली, करून बघू. कदाचित माझा मान राखायला म्हणाली असेल. तळहाताखाली पहिल्या मिरचीनं बिया ओट्यावर ओकल्या. कढईत पडताच उघड्या तोंडातून तेल आत शिरलं, आतलं पाणी तेलात उतरलं आणि तडतड सुरू झाली. परसातल्या शेगडीवर मांस भाजणारा रामोन दारातून डोकावला आणि तसाच मागं गेला. असा खकाणा उठला की सगळे ठसकत परसात पळालो, लुपेच्या हातात झारा तसाच. गॅस बंद करायला आन्द्रेस नाकाला टॉवेल लावून परत आत गेला. मुलगा धीराचा आहे, हे मला मान्य करावं लागलं.

लुपेनं कुंड्यांतून नव्या मिरच्या तोडल्या, देठासकट, आणि या वेळी मला गॅसपासून लांब बसवलं. तयार झाल्यावर वरून लिंबू, थोडा सोया सॉस, मीठ. सुरकुतलेल्या, चकचकीत, करपल्या कांद्याबरोबर. देठाला धरून टाकोच्या घासाबरोबर टोकाचा जरासा तुकडा खायचा, असं तिनं सांगितलं. अंजलीनं तसंच खाल्लं आणि डोळे मिटून छान म्हणाली.

मी नागपूरचा. मी अर्धी मिरची एका घासात खाल्ली.

पहिले काही क्षण काही झालं नाही आणि मी सगळ्यांकडे विजयानं पाहिलं. मग झालं. कानातून वाफ येते असं लोक म्हणतात, ते मला अतिशयोक्ती वाटायचं. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि उचकी लागली. साधी नाही, खुर्ची हलवणारी. अंजलीनं लगेच नेहमीचा उपाय सुरू केला, आठवण कोण काढतंय ते शोधायचा. "तुझी ताई? मोहनकाका? साठ्ये वहिनी?" उचकी थांबेना. हे काय चाललंय म्हणून लुपेनं विचारलं, सईनं समजावलं. लुपेला ते पटलं. पण आमच्याकडे दुसरं करतात, असं म्हणून तिनं शिवणाच्या डब्यातून लाल दोऱ्याचा तुकडा तोडला, जिभेनं ओला केला आणि माझ्या कपाळाच्या मधोमध चिकटवला. पाळण्यातल्या बाळांना करतात म्हणे.

मी तसा बसलो असताना रामोन पहिल्यांदा सलग बोलला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, सई आम्हाला आवडते. पण तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला माहीत नाही. ही दोन मुलं तुमच्या शब्दासाठी थांबलीयेत. तुमची संमती आहे का?

सई ताटाकडे बघत होती. मी वर्षभर इंग्रजीत भाषण तयार केलं होतं, संस्कृतीबद्दल, दोन्हीकडच्या अपेक्षांबद्दल, घाई न करण्याबद्दल. मी "वुई फील" एवढं म्हटलं आणि उचकी आली. परत "वुई फील", परत उचकी. कपाळावरचा दोरा नाकावर घसरला. आन्द्रेसनं खाली मान घातली. तो हसत नव्हता, एवढं मला दिसलं.

लुपेनं माझ्यासमोर दुधाचा ग्लास ठेवला. "आधी श्वास घ्या," ती म्हणाली. "नाही म्हणायचं असेल तर नंतर म्हणा."

उचकी थांबली तोवर रामोन परत शेगडीकडे गेला होता आणि विषय बदलला होता. मी पुन्हा काढला नाही.

रविवारी सिकोया. व्हायसेलियाहून १९८ नं सरळ वर जायचं, वळणं भरपूर, उलटी होणाऱ्यांनी पुढं बसावं. प्रवेशाचे पैसे दर गाडीमागे घेतात. पेट्रोल खालीच भरा, वर पार्कात मिळत नाही. सई आमच्याबरोबर आली होती. झाडं इतकी मोठी आहेत की फोटोत नुसतं खोड येतं. अंजली बाकावर टेकली आणि आम्ही दोघं पुढं गेलो.

"बाबा, काल त्यांनी विचारलं आणि तू काहीच बोलला नाहीस."

"उचकी लागली होती गं."

"आत्ता लागलीये का?"

मी झाडाकडे बघून, हे किती जुनं असेल, असं विचारलं. दोन हजार वर्षं, ती म्हणाली, पाटीवर लिहिलंय. मग ती माझ्यापुढं निघून गेली. तिची पाठ बघताना मला स्वतःची फार लाज वाटली. या मुलीला मी सायकल शिकवली होती, आणि आता ती माझ्या एका शब्दासाठी ताटकळत होती. का, तर आपली मुलगी आपल्याला न विचारता मोठी झाली, याचा मला राग होता. आन्द्रेसचा त्यात काही संबंध नव्हता.

परतीच्या वाटेवर अंजली धरणापर्यंत चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. धरण आल्यावर म्हणाली, "मी हो म्हणून आलेय लुपेला. तुझं तू बघ." आणि चिवडा खाऊ लागली.

घरी येऊन चार-पाच दिवस मी ऑफिसच्या कामात डोकं घातलं. लुपेनं मिरच्यांची पिशवी दिली होती. त्या संपवायच्या म्हणून एका संध्याकाळी ओट्यावर लाटल्या, देठासकट. मऊ झाल्या. तेलात सालीवर फोड आले, एकही फुटली नाही, आणि धुराचा अलार्म मात्र वाजला. टोकाचा जरासा तुकडा खाल्ला. आधी करपलेली गोडी आली, मग लिंबू, मग तिखट. त्या दिवशी मला चव कळलीच नव्हती.

अलार्म बंद करून मी लुपेला फोन लावला. आपल्याकडे मुलीच्या बापानं विचारायची रीत असते, तेवढी तरी पाळावी असं वाटलं. भाषण आठवेना. मी विचारलं, "आमची मुलगी तुम्हाला पसंत आहे का?"

लुपे शाळेतल्या आवाजात म्हणाली, "सईला आम्ही केव्हाच ठेवून घेतलंय. तुम्हाला ठेवायचं की नाही, यावर घरात चर्चा चालू होती." आणि मग तिनं रामोनला हाक मारली आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांत सईचा फोन. तिला बोलता येत नव्हतं. नाक ओढत तिनं विचारलं, "आई रडतीये का?"

"नाही," मी म्हटलं. "आई पोळ्या लाटतीये. मी रडतोय."