आवाज बंद करून पाहिलेले सामने

माझा आवाज अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकला, निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगतो. पण माझ्याच घरात माझा सख्खा मोठा भाऊ टीव्हीचा आवाज बंद करून माझे सामने पाहायचा. वहिनीनं एकदा फोनवर सहज सांगितलं आणि माझं डोकं सणकलं.

"सामना लागला की हे बरोबर समोर येऊन बसतात, भाऊजी," ती म्हणाली. "पण आवाज पार बंद. विचारलं त म्हणतात, मले दिसते ना, पुरे."

परक्या माणसानं बंद केला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण पूल हा टेबलावर काठीनं बॉल खड्ड्यात टाकायचा खेळ मुळात दादाचा. मी फक्त टीव्हीवर त्याचं समालोचन करून पोट भरत होतो.

दादा वरठीच्या कारखान्यात कामाला होता. पाळी सुटली की बाकीचे आपापल्या गावच्या रस्त्याला लागायचे आणि हा मोटरसायकल काढून भंडाऱ्याला जायचा. तिथं एका दुकानाच्या माडीवर पूलचं एक टेबल होतं. त्याचं हिरवं कापड दोन ठिकाणी शिवलेलं होतं. लोक त्याला सरसकट स्नूकर म्हणत, आणि आमची माय जुगार म्हणे. त्या टेबलावर दादा असा काही तयार झाला की नागपूरची पोरं मुद्दाम त्याच्याशी खेळायला येत. मग तो नागपूरच्या स्पर्धांना जाऊ लागला, जिंकूही लागला. नोकरी सोडून पूर्णवेळ खेळाडू व्हायचं त्यानं ठरवलंच होतं. घरात सांगायचं तेवढं बाकी होतं.

तेव्हाच त्याच्या डाव्या हाताला कंप सुटला. पूलमध्ये डावा हात टेबलावर टेकवून त्याच्या बोटांवरून काठी सरकवायची असते. तो हात दगडासारखा स्थिर लागतो. आधी बोटांची टोकं हलायची, मग पंजा हलू लागला. नागपूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि हा आजार सोबत घेऊनच जगावं लागेल, असं सांगितलं. दादानं माडीवर जाणं सोडलं. कुणाजवळ बोलला नाही, रडला नाही. कारखान्यात त्याला हलकं काम दिलं आणि तो ते करत राहिला.

माझ्या अंगात दादासारखं काहीच नव्हतं. होता तो फक्त गळा. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या सुटल्या की माईकवर मी बोलायचो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथल्या रात्रीच्या नाटकाची जाहिरात रिक्षातून करत गावोगाव हिंडायचो. ओळखीतून ओळख निघत मी मुंबईच्या एका क्रीडा वाहिनीपर्यंत पोचलो. त्यांना पूलचे व्यावसायिक सामने मराठीतून दाखवायचे होते. तोवर हा खेळ इंग्रजीत चाले आणि मोजकी माणसं पाहत. आमच्या निर्मात्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "तुमच्या गावातल्या आईला कळेल असं बोला. तिला कळलं तर सगळ्यांना कळलं."

मग काय, मी सुटलोच. कॅरम आपल्याकडे घराघरात आहे, म्हणून पांढऱ्या बॉलला स्ट्रायकर म्हटलं. खेळाडूनं पहिल्या फटक्यात बॉल फोडले की "सुटली रे जोडी!" म्हणून ओरडलो. पानठेल्यावरचे लोकही पूलच्या गप्पा मारू लागले. गावी गेलो की धान कापायला आलेल्या बाया मला विचारत, तो दाढीवाला जिंकला का? माझी छाती फुगायची. आणि घरी दादा आवाज बंद करून बसायचा. मला वाटे, त्याला माझा गावंढळपणा सोसत नाही. हा काही कॅरम नाही, हे लोकांना सांगण्यात त्याची अर्धी उमर गेली होती. किंवा याहून वाईट म्हणजे, त्याच्या खेळाचं मी खातो हे त्याला बोचत असेल. दोन्ही विचारांनी मला झोप लागत नसे. तरी थेट विचारायची हिंमत होत नव्हती.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई असते, तेव्हा मी घरी गेलो. अंगण सारवलेलं होतं, पाहुणे येऊन जाऊन होते. दुपारी वाहिनीवर जुना अंतिम सामना पुन्हा लागला. त्याला माझाच आवाज होता. मी घरात आहे म्हणून असेल, वहिनीनं टीव्ही बराच मोठ्यानं लावला. माय खाटेवर बसून आयुष्यात पहिल्यांदा लक्ष देऊन पूल पाहत होती. दादा भिंतीला टेकून बसला होता, डावा हात उजव्या हातात घट्ट धरून.

शेवटचा डाव सुरू होता. एका उंच खेळाडूनं एकामागून एक बॉल टाकायला सुरुवात केली. मायनं मोजायला घेतलं, कॅरमच्या गोट्या मोजतात तसं. त्यानं आठ टाकले आणि नववा चुकवला. दुसरा उठला, एवढा एकच बॉल त्यानं टाकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. करंडकही त्यालाच मिळाला.

माय भडकली. "हे त बेइमानी हाय! त्यानं आठ टाकल्या, यानं एक. आन् बक्षीस याले कायले?"

आम्ही सगळे हसलो. माझी एवढी सोपी मराठी मायच्या डोक्यावरून गेली होती. मी समजावायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी दादा बोलला.

"माय, हा कॅरम नोहे. याच्यात गोट्या मोजत नाही. एकपासून आठपर्यंत टाका लागते, पण ते फक्त शेवटच्यापर्यंत जायची वाट हाय. नऊ नंबरचा ज्यानं टाकला, डाव त्याचा."

"म्हणजे सारं करून शेवटचं एक राहिलं, त सारं वाया?"

"हव माय," दादा म्हणाला. "सारं वाया."

तो हसतच म्हणाला. पण मायचा चेहरा उतरला. ती टीव्ही सोडून त्याच्या हाताकडे पाहू लागली. इतकी वर्षं ज्याला ती जुगार म्हणत आली, तो खेळ तिला त्या दुपारी कळला आणि आपल्या पोराचं काय गेलं तेही कळलं. "मले काहून नाही सांगितलं रे बापा," एवढंच ती पुटपुटली. दादा उठून अंगणात गेला.

मी त्याच्या मागे गेलो. मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. "दादा, माझा आवाज एवढा वाईट हाय का? बंद काहून करतो?"

त्यानं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "तुह्या आवाजाचं काय हाय त्यात? तू चांगला बोलतो." मग म्हणाला, "बॉल वाजतात ना. ते नाही आयकवत मले. पाहणं जमते. तो आवाज आला की हात आणखीच हलाले लागतो."

खेळाडू टेबलावर वाकला की समालोचकानं गप्प बसायचं, हा आमच्या कामाचा नियम आहे. टेबलाजवळ वेगळा माईक लावलेला असतो आणि बॉलवर बॉल आपटल्याचा तो टणक आवाज स्वच्छ घरोघरी जातो. बाईंना त्याचा फार अभिमान. लोक त्या आवाजानंच खिळून बसतात, असं त्या म्हणत.

मुंबईला परतल्यावर पहिल्याच सामन्यात मी तो नियम मोडला. आधी वहिनीला फोन करून सांगितलं, दादाला आज आवाज चालू ठेवायला लाव. आणि मग प्रत्येक शॉटवर मी बोलत राहिलो. बॉल आपटायच्या नेमक्या क्षणी माझी बडबड. कानातल्या यंत्रातून बाई ओरडत होत्या, शेजारचा सहकारी कोपरानं ढोसत होता. सामना संपल्यावर बाईंनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, पण मनातून खूश होतो. एवढ्या वर्षांत दादासाठी मला करता आलेलं ते पहिलं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचाच फोन आला. आजारानं त्याचा आवाजही आता बारीक झालाय, नीट कान द्यावा लागतो.

"काल पुरा सामना आयकला," तो म्हणाला. "तू शॉटवर बोलून राहिला होता."

"हव."

"माह्यासाठी?"

"हव, दादा."

मागून मायचा खोकला ऐकू येत होता.

"नको करू असं," तो म्हणाला. "लोकं आत्ता कुठं हा खेळ पाहाले लागले. त्यायले आयकू दे ना, बॉल कसा वाजते ते. मी करीन बंद."

पुढच्या सामन्यात खेळाडू टेबलावर वाकला आणि मी गप्प बसलो.