सातनंतर पाणी बंद!

मुलांच्या डायबेटिसच्या ओपीडीबाहेर एक लांब बाक आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तेच ते आईबाप तिथे बसतो आणि किस्से साचत जातात. आम्ही हसतोही फार. गप्प बसलं की भीती वाटते, म्हणून.

*

सुरुवात माझ्यापासून. आम्ही नाशिक रोडला राहतो. माझी सई तेव्हा सात वर्षांची. अचानक घटाघटा पाणी प्यायला लागली. मी म्हटलं, ऊन आहे. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. मी बाटली कपाटावर ठेवली आणि जाहीर केलं, "सातनंतर पाणी बंद!" ती बाथरूमच्या नळाला तोंड लावून प्यायची, हे मला फार नंतर कळलं. फ्रॉक ढगळ झाला, तर माझी बहीण म्हणाली, "उंच होतेय गं पोरगी!"

एका सकाळी उलट्या आणि धाप. डॉक्टरांनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं, मशीनकडे पाहिलं आणि थेट आयसीयू! "सारखी तहान, सारखी शू, वजन उतरलेलं... काहीच लक्षात आलं नाही? पाणी किती प्यायची?"

काय सांगणार? मी देतच नव्हते!

*

इगतपुरीचे भोरकाका रेल्वेत ट्रॅकमन. इंजेक्शन देऊनही त्यांच्या गौरीची शुगर उतरेना. काका तिला उचलून धावत आले. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन ठेवता कुठे?"

"फ्रीजरला! बर्फात लय दिवस टिकंल म्हणून."

"काका, इन्सुलिन आहे, कुल्फी नाही! गोठलं की वाया जातं."

बाकावर काकांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही खो खो हसलो. काका हसले नाहीत. "मंग दोन दिस मी पोरीला नुसतं पाणीच टोचत होतो की," म्हणाले आणि उठून गौरीजवळ जाऊन बसले.

*

मनमाडच्या शकीलाभाभींना शेजारीण म्हणाली, "लेकीचं इंजेक्शन बंद करा, सवय लागते."

भाभी म्हणाल्या, "साँस लेने की भी आदत है उसको. वो भी छुडा दूँ?"

बाकावर टाळ्या! भाभींनी मात्र पुढचंही सांगितलं. हे उत्तर त्यांना दुसऱ्या खेपेला सुचलं होतं. पहिल्या खेपेला त्यांनी शेजारणीचं ऐकलं होतं. दीड दिवसात लेक बेशुद्ध पडली होती.

*

सईच्या शाळेत चाचणी चालू होती. सईची शुगर एकदम खाली गेली, दरदरून घाम फुटला आणि तिने बाकावर डोकं टेकलं. बाई ओरडल्या, "झोपायचं नाटक नको!" शेजारची आर्या उठली, सईच्या दप्तरातला ग्लुकोज काढला आणि तिच्या तोंडात घातला. "वर्गात खाऊ नाही!" बाई म्हणाल्या. आर्या म्हणाली, "बाई, हा खाऊ नाही. सईच्या आईने सांगितलंय, आधी साखर, मग बोलणं."

बाईंनी रडत रडत मला फोन केला. आता त्यांच्या खडूच्या डब्यात ग्लुकोजची पुडी असते. तरी शाळेचा नंबर दिसला की मी आधी चप्पल घालते, मग फोन उचलते.

*

गेल्या शनिवारी सईने बाहुल्या आणल्या होत्या. बाकासमोरच गौरीबरोबर दवाखाना मांडला. पेनच्या टोपणाने एकेका बाहुलीचं बोट टोचलं, शुगर लिहिली, इंजेक्शन दिलं. एक बाहुली तेवढी बाजूला, भिंतीला टेकवून ठेवलेली.

मी विचारलं, "हिला का नाही गं?"

"हिच्या आईला अजून कळलं नाहीये," सई म्हणाली. "तोपर्यंत मी हिला चोरून पाणी पाजते."